मोहाखालची हाळी

प्रिय पियुष,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर जाऊ नकोस.

तुझा निरोप मिळाला. रिसॉर्टच्या पाहुण्यांना घेऊन मोहफुलं वेचायला येणार, आणि तुझ्या त्या धूनसाठी माझी आणखी एक हाळी हवी, म्हणे. आई गेल्याचं तुला कळलं होतं. तरी असं विचारवतं, म्हणजे पुण्यात लाज कोळून प्यायलास.

ती धून मला पाठ आहे. दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या कुणी आपल्या शहराबाहेरच्या जंगलावर बांधलेला वॉल्ट्झ, बासरीवर पाखरांचे सूर. मोहाखाली बसून एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. मग उठून हात धरून गोल फिरायचं आणि मी तुझ्या पायावर पाय द्यायचा. फार आवडायचं मला ते. त्या संगीतकारावर माझा राग नाही. त्याच्या जंगलात वाघ नसेल.

आपल्या जंगलात आहे. वाघ दिसला की वेचणारी बाई जी हाळी देते, ती तू माझ्याकडून लाडीगोडीने घालून घेतलीस, फोनवर टिपलीस आणि वॉल्ट्झमध्ये पाखराच्या जागी बसवलीस. तुझ्याकडून घेतलेली ती धून रिसॉर्टवाले रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी भोंग्यावर लावायचे. पहिल्यांदा आम्ही टोपल्या टाकून पळालो. मग हसलो. मग कुणी मानच वर करेना. मॅनेजरला सांगितलं, तर म्हणाला, पाहुण्यांना आवडतं. तुला फोन केला, तर तूही तेच म्हणालास.

गेल्या मोहाच्या हंगामात वाघ दिसला आणि मी खरी हाळी दिली. आईने ऐकली. वाकल्या वाकल्याच म्हणाली, "पियुषचा बाजा हाय तो. वेचू दे मले." कौतुकाने म्हणाली रे. वाघाने तिला तिथेच धरलं. माझाच आवाज होता, आणि माझ्याच आईला तो तुझा वाटला. याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

आता आम्ही हाळी बदलली आहे. कोणती, ते तुला कुणी सांगणार नाही. ती ऐकून आम्ही पळू, आणि तू फोन पुढे करून ऐकत उभा राहशील. मला तुझं तोंड पाहायचं नाही, पण तुझं मरणही नको आहे. मोहाच्या दिवसांत रानात येऊ नकोस, एवढंच सांगायला हे लिहिलं.

एकेकाळची तुझीच,
मोनाली