गळा बेताचा, कान चांगला

बाई, चिक्कडपल्लीला तुमच्या घरी मी गाणं शिकायला यायची, त्या सगळ्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल एकदाच चांगलं बोललात, आणि तेही माझ्याशी नाही, मला न्यायला आलेल्या आईशी. "गळा बेताचा आहे हिचा. कान मात्र चांगला आहे." आई हिरमुसली, तिला मी गायिका व्हायला हवी होते. मला मात्र त्या दिवशी काहीतरी माझं स्वतःचं मिळालं होतं. आज तोच कान गेला आहे, बाई, आणि हे ज्याला कळेल असं दुसरं माणूस मला सापडत नाही. ज्यांना सांगते ते लगेच विचारतात, कानाला मशीन लावलंस का?

तुमच्या घरात मी बाहेरच्या खोलीत तंबोऱ्याजवळ बसलेली असे आणि तुम्ही आत अंबाडी निवडत असायचात. तुम्ही तिला गोंगुराच म्हणायचात, आपल्याकडे सगळेच म्हणतात. फोडणी तडतडत असते, खाली भाजीवाला ओरडत असतो, आणि एवढ्या सगळ्यातून तुम्हाला माझा किंचित उतरलेला निषाद ऐकू येतो. "नक्को. परत." एवढंच आतून येतं. एकदा माझ्या काकांनी दुबईहून आणलेला वॉकमन कानाला लावूनच मी तुमचा जिना चढले. दार उघडून तुम्ही काहीतरी बोललात, ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही माझ्या डोक्यावरून तो काढलात, स्वतःच्या कानाशी धरलात, आणि जसा काही चटका बसला असा बाजूला केलात. "कानात कुणाला एवढं आत येऊ देऊ नये," म्हणालात आणि मला तशीच घरी पाठवलीत. त्या दिवशी शिकवलं नाहीत. मला ती शिक्षा फार वाटली होती, मी रस्ताभर रडले. पुढे तुमचे हात थरथरायला लागले तेव्हा तुम्ही तंबोरा मला दिलात. खऱ्या गाणाऱ्या मुली दुसऱ्या होत्या, त्यांना राग आला होता. "हिला लावता येतो," असं तुम्ही त्यांना सांगितल्याचं मला नंतर कळलं.

आणि मग बाई, मी रोज कुणाकुणाला आत येऊ दिलं. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारतीत मला नोकरी लागली. काम बोलण्याचं. परदेशातले लोक काय म्हणतात ते ऐकायचं आणि आपल्या लोकांना समजावून सांगायचं. एका मोठ्या हॉलमध्ये सगळे एकाच वेळी बोलत असत, म्हणून जो तो हेडफोनचा आवाज वाढवी. मीही वाढवला. साथीच्या काळात ऑफिस घरात आलं, तेव्हा सकाळी चहाच्या आधी कानावर चढलेला हेडफोन संध्याकाळी दिवे लागले तरी उतरत नसे. जेवतानासुद्धा एक कान झाकलेला. इतकी वर्षं नोकरी केली म्हणून कंपनीने माझा सत्कार केला आणि बक्षीस दिलं, तेही एक उंची हेडफोनच. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, असं सगळे कौतुकाने सांगत होते.

मागच्या वर्षी एका रविवारी तंबोरा काढला. तारा जुळवल्या, पण नाद मिटलेला, कापडात गुंडाळल्यासारखा. जवारी गेली असेल, तारेची झणझण राहिली नसेल, असं वाटलं. घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून पाहिला, पुन्हा सरकवला. मुलगी पलंगावर लोळत मोबाइल बघत होती. तिला म्हटलं, खराब झाला गं हा. तिने एका कानातला इअरफोन काढला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "आई, छान वाजतोय की. किती शिमर करतोय." मी पुन्हा तार छेडली. तिला जी झणझण ऐकू येत होती तिथे मला एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. ती शिट्टी पंख्याची आहे असं मी कित्येक महिने धरून चालले होते. मी उठून पंखा बंद केला. शिट्टी चालूच.

हिमायतनगरच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, शिट्टीचीही सवय करून घ्या, असं ते सांगत होते. मी विचारलं, हे हेडफोनमुळे ना? ते म्हणाले, बहुतेक. मग तसं लिहून द्या म्हटलं, तर लिहायला तयार नाहीत. वय आहे, शहरातला गोंगाट आहे, कशामुळे ते खात्रीने कसं सांगणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका कॉलवर समोरची बाई 'कान्ट' म्हणाली आणि मला 'कॅन' ऐकू आलं. शेवटचा तो छोटासा 'ट' माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मी इकडे आपल्या लोकांना कामाला होकार दिला आणि तिकडे त्यांची सगळी यंत्रणा बंद पडली. मला ऑफिसात एका खोलीत बोलावलं गेलं. माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी वाटावी अशी कंपनीची एक मुलगी समोर बसली होती, अतिशय गोड बोलणारी. मी तिला सांगितलं की माझा कान या कामात गेला आहे. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि विचारलं, "मॅम, पण तुम्ही घरी गाणी ऐकत असालच ना?"

घरी मी ऐकते तो एक तंबोराच, बाई. तो त्या खोलीत कसा नेणार होते मी? कॉल माझ्याकडून काढून घेतले. पुढच्या आठवड्यात मनःशांतीसाठी डोळे मिटून हेडफोनवर ऐकायचं काहीतरी सगळ्यांना पाठवलं गेलं, मलाही.

शेवटी मशीन घेतलं. दिसतसुद्धा नाही इतकं छोटं. ते मोबाइलला जोडता येतं, कॉल थेट कानाच्या आत येतो. ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला आणि माझे कॉल मला परत मिळाले. मीही आभार मानले. नोकरी हवी होती. मुलीला म्हटलं, बघ माझं काय झालं, ते कानातलं कमी कर. ती चिडली नाही, नुसती माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "तू पण आता काढत नाहीस." आणि परत तिचं लावून बसली. तिला हाक मारताना मला आता तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं.

हे पत्र मी टेबलावर उघडंच ठेवणार आहे. तिला मराठी धड वाचता येत नाही, आणि दुसरं कुणी वाचणारं घरात नाही. तुम्ही आता नाही, तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही हे बरंच आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला तोंडावर सांगता आली नसती. तुमचे शब्द मला सगळे आठवतात, वर लिहिले ते आणि न लिहिलेलेही. पण आज लिहिताना थांबून थांबून पाहिलं. तुमचा आवाज आठवत नाही.