पेल्याच्या काठावरचे बोट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा डोळे तपासून चष्मे करून देण्याचा, दुकान चार वर्षांपूर्वी बंद. लोक मला ‘भिंगवाले’ म्हणतात. गुडघे गेले, दात गेले, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या धाकाने किंवा आमिषाने मी हे लिहीत नाही. आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते नीटनेटके होते, पण त्यात खरे असे काहीच नव्हते.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. ते विकावे की ठेवावे, ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, फोनवर नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी निसटते; जो राहील त्याने आधी ती बसवून घ्यावी. मी तीस वर्षे ‘उद्या’ म्हणत आलो.

कलम २. काच घासण्याचे यंत्र, भिंगांची पेटी आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता माझ्याकडे सव्वीस वर्षे घासकाम केलेल्या कारागिराला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण मग तो पगार वाढवून मागेल अशी धास्ती होती. आता मागून बघ म्हणावे.

कलम ३. शेजारच्या छत्रीवाल्याने आपली पाटी मुद्दाम माझ्या पाटीपुढे लावली. त्याला मी क्षमा केली असे लिहिले तर हा कागद खोटा ठरेल. त्याला काही नाही.

कलम ४. घरातल्या वस्तूंची यादी कराल तेव्हा ताटे, वाट्या, कपबशा सापडतील, पण पाण्याचा एकही पेला सापडणार नाही. कोणावर आळ घेऊ नये. ते सगळे मीच देऊन टाकले. गेली सहा वर्षे मी नळाखाली ओंजळ धरून पाणी पितो. मुलीला वाटते म्हातारा चळला. तसे नाही. कारण पुढे दिले आहे.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, “याची कायद्याला गरज नाही.” मी म्हणालो, “मला आहे.”

पंधरा वर्षांपूर्वी हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, साठाव्या वाढदिवसाला आम्ही दोघे दुपारी एका बऱ्या हॉटेलात जेवायला गेलो. हिने नवी साडी नेसली होती. आमच्या टेबलाला वाढायला एक चाळिशीची बाई होती. खुर्चीच्या पायाला अडखळत आली. सूपची बशी तिने निम्मी टेबलाबाहेर ठेवली; मी पकडली म्हणून वाचली. मागवलेली भाजी विसरली. आणि पाणी ओतताना तिने चक्क बोटाचे टोक पेल्याच्या आत धरले. पाणी बोटाला लागले तेव्हा ओतायचे थांबली.

“बाई, हे काय? पाण्यात बोट बुडवता?” मी एवढ्या मोठ्याने म्हणालो की शेजारची टेबले वळून पाहू लागली.

“चुकलं साहेब. दुसरं आणते,” ती म्हणाली आणि वळताना पुन्हा त्याच खुर्चीवर आदळली.

माझा नियम सगळ्यांना ठाऊक होता: काम चोख तर टिप, नाहीतर एक छदामही नाही. पैसा आपल्या घामाचा, तो दुसऱ्याच्या गलथानपणाला का द्यायचा? बिल आले. मी टिप ठेवली नाही. हिने पर्समधून एक नोट काढून हळूच बशीखाली सरकवली. मी ती उचलून हिच्या पर्समध्ये परत ठेवली आणि पर्सची चेन ओढली. तेवढ्यावर न थांबता अभिप्रायाच्या चिठ्ठीवर लिहिले, ‘या बाईंना कामाचे भान नाही.’ खाली सही ठोकली.

त्यानंतर ही माझ्याबरोबर बाहेर जेवायला कधीच आली नाही. दर वेळी म्हणायची, “पोट बरं नाही.” नऊ वर्षे हिचे पोट बरे नव्हते आणि मी, शहाणा, ओव्याची पूड आणत राहिलो.

शेवटच्या आजारात एकदा दुपारी उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते. ती नोट द्यायला. तिला काढलं होतं. तुमच्या चिठ्ठीवरून.”

मी म्हणालो, “अगं, काम नीट नसेल तर...”

“तिला दिसत नव्हतं हो,” ही म्हणाली. “कडेचं काही दिसत नव्हतं. म्हणून बोटाने पाणी मोजत होती. मला कळलं. तुमचा तर धंदाच डोळ्यांचा. तुम्हाला कसं नाही कळलं?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तेव्हा तुम्ही ऐकणार होतात?”

चार दिवसांनी ती गेली.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी एकटा जेवायला बसलो, पेल्यात पाणी ओतले आणि काठावर आतून ते बोट दिसले. नख कापलेले, पेराशी भाजल्याचा जुना डाग. डाग मी त्या दुपारी पाहिला होता, हे मला तेव्हा समजले. म्हणजे नजर पोचली होती, मीच पोचलो नव्हतो. पेला बदलला, तरी बोट होते. स्टीलचा घेतला, तरी होते. ते काही करीत नसे. पाणी आपल्यापर्यंत यायची वाट पाहत असे, इतकेच. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आठवड्याभरात घरातले सगळे पेले वाटून टाकले.

त्या हॉटेलच्या जुन्या आचाऱ्याकडून त्या बाईचा पत्ता काढला. ती बहिणीकडे राहते आणि खुर्च्यांना वेत विणून देते. दोन्ही डोळे पूर्ण गेलेले. काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते. त्या दुपारी मी “बाई, एकदा डोळे दाखवा” एवढे चार शब्द बोललो असतो, तर बहुधा आज तिला खिडकी कुठे आहे ते दिसले असते. ते चार शब्द मी दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना फुकट सांगत असे.

खरे सांगायचा धीर होईना. विणायला म्हणून एक खुर्ची नेली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या खेपेला ती हसली, “तुमच्या घरी माणसं बसतात की हत्ती?” तेव्हा सांगितले. सगळे. चिठ्ठीसकट.

तिचे हात वेतावर चालूच होते. एक ओळ पुरी करून म्हणाली, “त्या महिन्यात खूप जण ओरडले माझ्यावर. तुम्ही त्यातले कोणते, मला आठवत नाही.”

“मला माफ करा.”

“कशाबद्दल करू? आठवायला तर हवं ना.” मग म्हणाली, “एक बाई आली होती म्हणे दुसऱ्या दिवशी, मला शोधत. ती तुमची कोण?”

मी सांगितले. तिने हातातले काम खाली ठेवले. “तिला भेटायला आवडलं असतं,” म्हणाली.

कलम ६. बँकेतली सर्व ठेव हॉटेलांत आणि खानावळींत उभ्याने काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी. तपासणी कारागिराने माहितीतल्या डॉक्टरांकडून करवून घ्यावी. त्या बाईंना मी घराची एक खोली देऊ केली होती. त्या म्हणाल्या, “मला माझ्या खोलीतल्या भिंती पाठ आहेत. नव्या कोण पाठ करणार?” म्हणून त्यांना काही नाही. माझ्या मनात असूनही नाही.

कलम ७. चिरंजीवांस. तू माझ्याहून कडक निघालास. परवा तू मोठ्या तोऱ्यात सांगितलेस की कॉफी थंड आणली म्हणून टिप कापली. वाईट कामाला टिप द्यावी का, यावर माझे मत आजही पुरते बदललेले नाही. उर्मटाला देऊ नकोस, आळशाला देऊ नकोस. पण तो उर्मट आहे, आळशी आहे की आणखी काही आहे, हे ठरवण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघ आणि विचार, “काय झालं?” विचारायला वेळ नसेल तर पैसे ठेव आणि नीघ. चुकून दिलेली टिप माणूस विसरतो. न दिलेली माझ्या घरात राहायला आली.

कलम ८. माझ्यामागे लोक जमतील. चहा देणाऱ्याच्या हातून कोणाच्या कपड्यावर चहा सांडला, तर त्याला कोणी बोलू नये.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. सह्यांच्या वेळी वेत विणणाऱ्या त्या बाई माझ्या विनंतीवरून हजर होत्या. त्यांनी साक्षीदार व्हावे अशी माझी इच्छा होती. परंतु साक्षीदाराला सही होताना पाहावी लागते, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून त्यांना सर्व मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. कलम ५ मध्ये त्यांच्या उल्लेखाआधी मी ‘बिचारी’ असा शब्द लिहिला होता. तो खोडला आहे. खाडाखोड मला मान्य.

सही: भिंगवाले
साक्षीदार १: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ७ मार्च, सकाळी अकरा