रोज एक मिलिमीटर

३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मनगटातला कात्रीने तुटलेला मज्जातंतू डॉक्टरांनी शिवला, त्याला सहा आठवडे झाले. शिंप्यालाच दुसऱ्याने शिवावं, ही गंमतच. पण तर्जनी अजून लाकूडच. काल सुई जोरात खुपसली. रक्त आलं, दुखलं मात्र नाही. मग तळव्याच्या सुरुवातीला टिचकी मारली, तर थेट बोटाच्या टोकाला झिणझिण्या. बोट जागं झालं समजून कोटाचं कापड नेहमीसारखं चाचपून कापलं, ते उलट्या बाजूने. तुझी आई म्हणते, दुकान बंद करा. मला काही सुचत नाही.

प्रकृतीला जप.
तुझे बाबा

१० मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आधी सुई खाली ठेवा. बोट म्हणजे पिनकुशन नव्हे.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे, दिवसभर हेडफोन लावून एकेका चेतापेशीचे ठोके ऐकायचे. ठोका म्हणजे विजेचा एक क्षणिक झटका. हलकं टोचा की जोरात, ठोका तेवढाच. जोर वाढला तर ठोके भराभर पडतात. पेशीला आवाज चढवता येत नाही, घाई तेवढी करता येते. आणि ते कुठून आले, हे मेंदू तंतूवरून ठरवतो. तर्जनीच्या तंतूला वाटेत कुठेही डिवचलं, तरी मेंदू म्हणणार, तर्जनी. तुम्ही फसलात ते असे. रेशीम, गरम कप, चिमटा, सगळं या एकसारख्या ठोक्यांतून आपल्याला कळतं. दहा वर्षं ऐकतेय, तरी अंगावर काटा येतो.

ज्या जागी टिचकी मारल्यावर बोटात झिणझिण्या येतात, साधारण त्या जागेपर्यंत तंतू वाढत आलाय. रोज जेमतेम एक मिलिमीटर. खडूने खूण करा, टेपने मोजा. टोकापर्यंत पोचेलच, असं वचन देता येत नाही. पण तोवर आईने दुकानाचा विषय काढू नये.

तुमची ठमी

१८ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मधे नऊ दिवस खूण जागची हलली नाही. तुला कळवलं नाही, पण माझा धीर सुटला होता. टेप तुझ्या आईनेच हातात घेतली आणि तेव्हापासून रोज तीच मोजते.

काल तिने माझे डोळे बांधले आणि बोटाखाली एकेक चिंधी सरकवली. पाच ओळखल्या, दोन चुकलो. आठव्या वेळी तिने चिंधीऐवजी स्वतःचा हात ठेवला. लगेच कळलं. तेव्हा किती ठोके पडले असतील, ते तूच सांग. मी रडत होतो.

इतके दिवस बंद ठेवलेलं दुकान सोमवारी पुन्हा उघडतोय. लोभ रोज मिलिमीटरभर वाढू दे.

तुझे बाबा