छपरावरून ऐकू आलेलं आलं

तीर्थरूप दाजींना,

मान खाली घालून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण शिडीवरून उतरताना डावा गुडघा असा काही मुरगळला आहे की एकदा खाली गेलो तर उठवायला माणसं लागतील.) आपली कंबर कशी आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे आईची तब्येत ठीक. फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडली आहे, आणि डाव्यानं जे बघायचं ते लवकर बघून घ्या म्हणून सांगितलं आहे. आता आईला डाव्या डोळ्यानं काय बघायचं होतं हे आपल्याला माहीत आहेच, आणि तिथंच मी माती खाल्ली.

ताई तान्ह्या बाळांच्या निगेवर टीव्हीवर बोलणार, गुरुवारी साडेपाचला, हे कळल्यापासून आईनं आपली खुर्ची टीव्हीसमोरून हलू दिली नव्हती. अडचण एवढीच की ते स्टेशन आमच्या आग्नेयेला, आणि आपण बसवून दिलेली अँटेना उत्तरेच्या स्टेशनकडे तोंड करून उभी. आपण फोनवर समजावून सांगितलं होतं की दुसरी अँटेना लाव, तिची तार वेगळी खाली आण, टीव्हीजवळ इकडचं-तिकडचं करायला एक बटण बसव, आणि काही झालं तरी दोन्ही तारा एकत्र बांधू नकोस. मी हो हो म्हणालो. मनात मात्र म्हणालो, दाजींनी तीस वर्षं अँटेना बसवल्या असतील, पण मी वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे, मला दिशा कोण सांगणार? वेगळ्या तारेसाठी भिंतीला भोक पाडावं लागलं असतं (आणि ती भिंत आमच्या हिनं नुकतीच रंगवून घेतली आहे), म्हणून दोन्ही तारांची टोकं छपरावरच सोलून त्यांची गाठ मारली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे लहानपणापासून ऐकत आलो, पण तारांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. म्हणजे आपण बोलला होतात. असो.

नव्या अँटेनेच्या एका टोकाला लांब काडी आणि पुढे क्रमानं आखूड होत गेलेल्या काड्या. आपल्या घरी फोटो काढताना थोरले पुढे आणि धाकटे मागे, ही शिस्त आपण पाहिलीच आहे. त्याच न्यायानं मी थोरली काडी स्टेशनकडे केली. म्हणजे बिचारी अँटेना आग्नेयेकडे चक्क पाठ करून बसली! (हे मला दुकानदारानं नंतर सांगितलं, तेही भर दुकानात, शेजारी आमचे मुख्याध्यापक बल्ब निवडत असताना.) आपली जुनी अँटेना हातभर अंतरावर होती, तिच्याकडे नुसतं बघितलं असतं तरी चूक कळली असती. पण शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्यांना मी जन्मभर शून्य देत आलो, त्यामुळे बघितलं नाही.

तरीही थोडं फिरवून काहीतरी साधलं असतं, पण मग आलं आडवं आलं. ठरलं असं होतं की आई टीव्हीवर बघणार, ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ओरडून सांगणार, चित्र दिसलं तर ‘आलं’, नसेल तर ‘नाही’. अर्धा तास मी ‘नाही, नाही’ ऐकत अँटेना केसभर केसभर फिरवत होतो. आणि एकदम खालून आवाज, ‘आलं! आलं! चांगलं आलं!’ मी सगळा जोर लावून नट असा आवळला की आटे चेपून तो तिथंच अडकला. वर आनंदाच्या भरात ओरडलो, ‘अजून येऊ दे!’ दाजी, खाली गल्लीत भाजीवाला उभा होता. तो काय देऊ म्हणून विचारत होता आणि ही त्याला सांगत होती. त्यानं मालकांचा हुकूम म्हणून अजून दिलं. आज अँटेना इंचभर हलत नाही, आणि घरात दीड किलो आलं आहे.

आता गुरुवार. उत्तरेचं स्टेशन आधी स्वच्छ दिसायचं, तारांच्या गाठीनं तेही बिघडलं होतं. साडेपाचला पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि त्या मुंग्यांत दोन नाकांची एक बाई बोलत होती. ‘पिल्लांना पहिले आठ दिवस ऊब द्या, पाणी कोमट पाजा.’ आई पुढे वाकली. ‘हीच का रे?’ मी ‘हो, हीच’ म्हणालो, आणि तेवढ्यात बाई म्हणाली, ‘पिसं फुटायला लागली की खोका मोठा करा.’ हिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण चार दिवस छपरावर नाचून शेवटी आईला कोंबड्या दाखवल्या, हे सांगायला जीभ उचलली नाही. आईनं शेवटपर्यंत बघितलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि ‘छान बोलली’ एवढंच म्हणाली.

सहाला ताईचा फोन आला. तिला बोलू न देताच मी सुरू झालो, अगं काय छान बोललीस, बाळांना पिल्लं म्हणालीस ते तर फारच गोड! ती म्हणाली, ‘अरे, रेकॉर्ड केलेला कार्यक्रम पुढच्या गुरुवारवर ढकललाय, तुम्ही वाट बघत बसाल म्हणून फोन केला. तू काय बघितलंस?’ मी लाइन तुटल्यासारखं ‘हॅलो, हॅलो’ केलं आणि फोन ठेवला. तिला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून हे पत्र आपल्याला.

आपला (अजून म्हणत असाल तर)
मेहुणा

ता. क. खरी विनंती पुढे आहे. बुधवारी आपण सहज आल्यासारखे यावं. येताना वेगळी तार, बटण आणि अडकलेला नट कापायची करवत आणावी. भिंतीला भोक मी पाडून ठेवतो, हिचं काय व्हायचं ते होवो. आईला एवढंच सांगायचं की ताईचा कार्यक्रम लोकांना आवडला म्हणून पुन्हा दाखवणार आहेत.

ता. क. २. पाकिटावर पत्ता घालत होतो तेवढ्यात आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. ती सांगते आहे तसंच लिहितो आहे: ‘जावईबापूंना म्हणावं, डोळा गेला तरी कान शाबूत आहेत. लेकीचा आवाज मला कळत नाही होय? हा चार दिवस छपरावर होता, गुडघा सुजवून खाली आला, म्हणून बोलले नाही. त्या कोंबड्यांच्या बाईनं मात्र छान सांगितलं. तार-बटण आणा नाहीतर नका आणू, पोरीला बरोबर आणा. गुरुवारी ती माझ्या शेजारी बसेल. टीव्हीत नाही दिसली तर तिथंच बसून बाळांचं सांगेल मला.’