दुसऱ्या चुलीचा कर

डोंगरखेड,
१२ जून २०२४

सौ. ताईस,
रवीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या नगरपंचायतीचा कचऱ्याच्या कराचा ठराव आमच्या गावी पोचला. आमच्या शहाण्यांनी तो असा उतरवून घेतला, की तिसऱ्या कलमात तुमच्या गावाचं नावही तसंच राहिलं. तूच लिहिलेला ना तो? दर चुलीमागे महिना साठ रुपये. परवा मोजणीला माणूस आला. आमचा गॅस एक, मागच्या पडवीतली आईची चूल दुसरी. मी दारात उभा राहून बडबडलो, की म्हातारीच्या भाकरीचा असा कितीसा कचरा होतो, तर घरावर डबल कर! आईनं ऐकलं. मी मालेगावहून बियाणं घेऊन परत येईस्तोवर तिनं चूल खणून काढली होती, जागा सारवलीही होती.

बाबा गेल्यापासून बारा वर्षं ती आपल्या हातचं रांधून खाते, तुला ठाऊकच आहे. आता सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसते आणि अर्धी भाकर खाते. राखी आग्रहानं वाढायला गेली तर ताटावर हात धरते. माझ्याच तोंडामुळे हे झालं, मला फार वाईट वाटतं.

तू आईची समजूत घाल. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिही. मी वाचून दाखवीन. रागाव, पण माया पातळ करू नको.

तुझा,
रवी

काटेपिंपरी,
२० जून

चि. रवीस अनेक आशीर्वाद.

रव्या, तुझं तोंड पहिल्यापासूनच मोठं. पण कागद माझा आहे. एकेका घरात तीन-तीन बिऱ्हाडं आणि कर एकाचाच, म्हणून मी चुली मोजायचं लिहिलं. साहेबांनी शाबासकी दिली. वेगळं रांधणारी म्हातारी माणसं माझ्या डोक्यातच आली नाहीत, आपली आईसुद्धा नाही. आता म्हाताऱ्यांना सूट द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, लागू झालेला ठराव बदलता येत नाही. काल पलीकडच्या तिसऱ्या गावचा माणूस नक्कल मागायला आला. मी सही करून दिली. नोकरी आहे, काय करू?

आईला म्हणावं, चूल परत मांड, तिचा कर मी भरते. नाहीतर मेडशीच्या बसनं इकडे पाठव, माझ्या अंगणात मांडून देते. ती काय म्हणाली ते लगेच कळव.

तुम्हा सगळ्यांच्या काळजीत,
दीपाताई

डोंगरखेड,
२९ जून

सौ. ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र आईला सगळं वाचून दाखवलं, सहीचंही. तिनं विचारलं, दीपाचा कागद किती गावांत गेला. मी म्हटलं, तीन गावं झाली. केवढी हरखली! समोरच्या गोमतीबाईंना सांगून आली, का माह्या पोरीच्या सहीवर तीन गावं चालून राह्यले.

मी त्याच दिवशी माती आणून चूल मांडली. म्हटलं, ताई कर भरते, तू पेटव. तिनं हात लावला नाही. म्हणाली, दीपा शिकेल हाय, तिनं ठरवलं का एका घरी एकच चूल पाह्यजे, तं काई समजूनच ठरवलं असन. मी तिचा सबुद खाली पडू देऊ काय? तुझ्याकडेही यायला तयार नाही. म्हणते, तिच्याच घरी दोन चुली, लोक तिले काय म्हणतीन?

ताईनं असं ठरवलेलं नाही, हे मी दहादा सांगितलं. ती ऐकत नाही. अर्ध्या भाकरीची आता चतकोर झाली.

आता पत्र नको. तू ये, आणि तुझ्या हातानं तिची चूल पेटव.

वाट पाहतो.
रवी