मेजरांची पाच गोळ्यांची रायफल

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९.

रायफलीची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू. थोडं कुंकू दुर्बिणीच्या काचेवर सांडलं, धोतराने पुसलं. काय देखणी वस्तू आहे! काळी कुळकुळीत बॉडी, पिस्तुलासारखी मूठ, पुढे टेकायला दोन पाय, खाली पाच गोळ्यांचं मॅगझिन. कायद्यात बसणारी, पण दिसायला थेट सरहद्दीवरची. परवा नगरहून मोटारसायकलच्या मागे बांधून आणली. मिरजगाव सोडल्यावर रस्ता फारच वाईट. दुकानदाराने दुर्बीण सेट करून दिली आहे, म्हणजे मला फक्त चाप ओढायचाय.

चांगुणा म्हणाली, सतरा वर्षं मिलिटरीत होतात तेव्हा हातात काय असायचं? बायकांना टेक्निकल विषय कळत नाहीत. गाव मला मेजर म्हणतं. इकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. लोकांची भावना आहे, दुरुस्त करून मनं कशाला दुखवा.

३ ऑक्टोबर.

रानडुकरं मारायची परवानगी आली. लंकाबाईची निम्मी मका डुकरांनी लोळवली आहे. दिवाळी झाली की तिला ऊसतोडीला जायचंय, त्याआधी उरलेली मका घरात यायला हवी. स्वतः घरी आली. "मेजर, आता तुमीच काय ते करा." डोळे भरून आले. माझे.

वनरक्षक धनश्री मॅडमचा फोन. दोन अटी. पिलांची आई मारायची नाही, आणि जखमी करून सोडायचं नाही. मी म्हटलं, मॅडम, हे मिलिटरी टाइप वेपन आहे. यात जखमी हा प्रकारच नसतो.

४ ऑक्टोबर.

गहिनीनाथ तात्यांशी पारावर वाद. वय अठ्ठ्याहत्तर, घरात वडिलोपार्जित एकनळी बंदूक. एक काडतूस भरा, एक उडवा, परत भरा. म्हणाले, "येकच काडतूस आसलं की मानूस आधी इचार करतो. पाच आसली की पयल्या चारला इचार लागतच न्हाई. ही लढाईची वस्तू. लढाईत समोरच्याकडं बी बंदूक आसती. डुकराकडं काय हाय?"

मी शांतपणे समजावलं. दुरून, एका गोळीत, जनावराला कळायच्या आत काम तमाम. याला आधुनिक नीतिमत्ता म्हणतात. तात्यांनी विचारलं, मग उरलेल्या चार कशाला? उत्तर होतं माझ्याकडे. ऐन वेळी आठवलं नाही.

५ ऑक्टोबर. पहाटे ५.

निश्चय. रोज दहा मिनिटं नेमबाजीचा सराव.

सकाळी ८. डोळा लागला.

६ ऑक्टोबर.

सराव म्हणजे काडतुसांची नासाडी. खरा जवान सराव डोक्यात करतो. डोक्यात केला. उत्तम झाला.

व्हॉट्सॲपला रायफलीसोबतचा फोटो टाकला. एक्क्याण्णव लाइक. तात्यांकडे साधा फोन आहे, त्यांना दिसणार नाही.

९ ऑक्टोबर. सकाळी ८.

आज पहाटे पावणेसहाला लंकाबाईच्या मक्यातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो. उजाडत होतं. मका हलली. दुर्बिणीतून काळी पाठ दिसली. चाप ओढला. बोल्ट ओढून पुढची गोळी चढवली, परत चाप. पाचही गोळ्या संपल्या तेव्हा कळलं की संपल्या. एक लागली असावी, कारण जनावर ओरडलं. असं ओरडणं मी आधी ऐकलं नव्हतं.

डुकरीण होती. मागे चार पिलं. दुर्बिणीत पिलं येत नाहीत, हा कंपनीचा दोष आहे.

ती ओढ्याकडच्या वेड्या बाभळीत शिरली. पाचदहा मिनिटांत मेली असेल. मोहीम यशस्वी.

दुपारी १. तात्या येऊन गेले. बसले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाले, "ज्याची गोळी, त्याचा माग. जेवायच्या आधी जायचं आस्तं." मी दुखरा गुडघा दाखवला. तोवर चांगुणाने ताट वाढलं होतं. जेवलो.

१० ऑक्टोबर.

उद्या नक्की जाणार. आज बीपीची गोळी घेतली होती, उन्हात फिरू नये म्हणतात. मॅडमना फोन करणार होतो, रेंज नव्हती. संध्याकाळी रेंज आली तेव्हा ऑफिसची वेळ संपलेली.

व्हॉट्सॲपवरचा फोटो काढून टाकला. नेट स्लो चालत होतं म्हणून.

११ ऑक्टोबर.

लंकाबाई दारात. आत ये म्हटलं, आली नाही. डुकरीण जिवंत आहे. ओढ्यात पाण्यापाशी उभी असते. "खालचा जबडा लोंबतुया, मेजर. पानी प्याया बघती, तर समदं खाली सांडतंय. पिलं तिच्या तोंडाकडं बघत उभी." बाई मका मोडायला जात नाही, भीती वाटते म्हणून नाही, बघवत नाही म्हणून. जाताना म्हणाली, "माजी मका खाल्ली तिनं. पर आसं नगं हुतं."

मी म्हटलं, उद्या बघतो.

चांगुणाने रात्री ताट वाढलं आणि समोर बसली नाही. एरवी बसते. मी पाणी प्यायला घेतलं, ते तसंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर.

मॅगझिनमध्ये पाच नवीन गोळ्या भरल्या. काढल्या. परत भरल्या. दुपारपर्यंत हेच.

ओढ्याच्या काठापर्यंत गेलो. बाभळीतून आवाज आला. परत आलो. कारण लिहायला बसलोय आणि कारण सुचत नाही. गुडघा दुखत नव्हता.

१३ ऑक्टोबर. सकाळी १०.

सहा वाजता तात्या दारात. खांद्यावर एकनळी. माझी रायफल घेऊ लागलो तर म्हणाले, ती राहू द्या.

बाभळीत ते पुढे, मी मागे. डुकरीण ओलीत पडली होती. आम्हाला पाहून उठायचा प्रयत्न केला. जबड्यावर माश्या. चार दिवसांत अन्नपाणी नाही. पिलं थोडी पळाली आणि थांबली. तात्यांनी बंदुकीत एक काडतूस घातलं आणि बंदूक माझ्यापुढे धरली. "तुमचं जनावर हाय, मेजर."

बंदूक घेतली नाही. म्हणालो, तात्या, मी मेजर नाही. मी स्टोअरला होतो. सतरा वर्षं ब्लँकेटं मोजली. वर्षाची फायरिंगची परीक्षा साहेब नुसती सही करून पास करायचे.

तात्या म्हणाले, "म्हाईत हाय. समद्या गावाला म्हाईत हाय. आता जवळ जा. कानामागं धर. घाई करू नगंस."

पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं. बंदूक घेतली, जवळ गेलो. इतका जवळ की तिचा श्वास हाताला लागला. तिने डोळा फिरवून माझ्याकडे पाहिलं. दुर्बिणीतून डोळा दिसला नव्हता. मी रडत होतो आणि नळी हलत होती. तात्यांनी माझ्या कोपराला हात लावला. नळी थांबली. चाप ओढला.

मग मी तिथेच बसलो. तात्याही बसले. मला फार लाज वाटली, आणि झालं ती दुसऱ्या कोणाची तरी चूक आहे असं आज वाटलं नाही.

दुपारी ४.

धनश्री मॅडम पंचनाम्याला आल्या. मादी, पिलं चार, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. खालचे दोन रकाने मला भरायला दिले. गोळी मारल्याची तारीख. जनावर मेल्याची तारीख. मॅडम म्हणाल्या, दोन्हीत एकच तारीख टाका, सगळे तसंच टाकतात.

पहिल्यात नऊ लिहिली. दुसऱ्यात तेरा.

मॅडमनी कागदावरून वर पाहिलं. मी खाली पाहत सही केली.