आत्याच्या तीन ओळी

१२ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे डाव्या हाताचं अक्षर, हसू नकोस. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात रुसलाय आणि जीभ त्याच्याच बाजूची. मनात चमचा असतो, तोंडातून चप्पल येते. म्हणून मी बोलणंच सोडलंय, फोनही उचलत नाही. लिहिताना मात्र कुणी घाई करत नाही. तीन-तीन ओळींच्या काही कविता झाल्यात. टाइप करून तुमच्याकडच्या त्या छोट्या मासिकाला धाड. एक इथेच वाच:

घसा बसलेला नाही,
शब्दच उठून गेलेत.
खुर्च्या पुसून ठेवतेय.

तुझ्या बाबांना नमस्कार नको, धाकटा आहे. एक टपली दे.

तुझी आत्या

५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टपली पोचवली. आता बसून घे: तीन कविता घेतल्या! मी सोबत तुझ्या आजारपणाचं, डाव्या हाताचं सगळं लिहिलं होतं. ते वाचून संपादकांना गलबलून आलं म्हणे. कवितांच्या वर चौकटीत ती हकिगत छापणार आहेत. बाबा तर चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगताहेत. नंबर तपासायचा राहतो बाजूला!

कळावे, पुढच्या कवितांसह लोभ असावा.

तुझी चिमणी

११ जुलै

चि. चिमणीस,
आशीर्वाद. आज जरा तुटक.

चौकटीत कोण असतं? गेलेलं माणूस. मी आहे अजून. त्यांना कविता आवडल्या की माझा हात? आधी ते विचार. नुसता हात असेल, तर सगळ्या परत आण.

आत्या

२० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

दोन दिवस तुझ्यावर फुगून होते. मग संपादकांकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एकच खोली, खुर्चीवरचे गठ्ठे उचलल्याशिवाय बसता येत नाही. तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी हकिगतीचा कागद बाजूला सारून सगळ्या कविता पुन्हा वाचल्या आणि म्हणाले, खरं सांगायचं तर मग एकच, खुर्च्यांची. तीही ‘खुर्च्या’च्या जागी ‘आसने’ केलं तर भारदस्त होईल. जिना उतरताना मला रडू आलं. चांगलं करायला गेले आणि तिनाची एक झाली. आता मी मध्ये पडत नाही. त्यांचा फोन नंबर मागे लिहिलाय, काय ते तूच कळव.

रागावली असलीस तरी लोभात काटछाट करू नकोस.

चिमणी

२८ जुलै

चि. चिमणीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

वेडे, रडतेस काय? एक आवडली, ती कविता म्हणून आवडली. मला आणखी काय हवं होतं?

पत्र लिहून उत्तराची वाट बघायला धीर निघेना, म्हणून फोन केला. मीच. पहिला शब्दच अडकला. वाटलं, आता हा गृहस्थ शब्द सुचवणार किंवा फोन ठेवणार. त्याने दोन्हीतलं काहीच केलं नाही, थांबला. कितीतरी वेळाने मी म्हणाले, आसनावर देव बसतात, माझ्याकडे शब्द यायचे ते चहा प्यायला. तो इतका हसला की मलाही हसू फुटलं. खुर्च्याच छापणार आहे.

बाबांना म्हणावं, रविवारी फोन कर, उचलीन. मी गप्प झाले तर लाइन तुटली असं समजू नये. लोभ आहेच, थोडा दमही असू द्यावा.

तुझी आत्या